नानांच्या पेटीवरची टेप

भजनी मंडळात अभंग किती पाठ राहतात देव जाणे, पण किस्से मात्र पक्के राहतात! कुणी मुद्दाम जपत नाही, तरी एकावर एक साचत जातात. कुणाच्या दहाव्याला जमलो की चहा येईपर्यंत दोन-तीन निघतातच. आमच्या उमेळ्याच्या मंडळाचे निम्मे किस्से नानांच्या पेटीचे. ऐकताना हसायचं आणि घरी जाऊन ताटावर नुसतं बसून राहायचं, असले.

आधी माणसं सांगतो. नाना म्हणजे आमचे पेटीवाले. केळीची वाडी होती, त्यातली निम्मी बिल्डरला गेली आणि उरलेल्यात घर. काकू म्हणजे त्यांच्या मिसेस. गायला बाळू सावंत, मूळचा कोकणातला, एव्हरशाईन सिटीत फ्लॅट, बँकेत नोकरी, तोंड अखंड चालू. आणि तबल्याला मी, दिनू. दर गुरुवारी संध्याकाळी दत्ताच्या देवळात बसायचो.

*

नानांची पेटी सागवानी, वर लाखेचं फ्रेंच पॉलिश. त्यात तोंड दिसायचं. पेटीला नानांशिवाय कुणी हात लावायचा नाही, हा मंडळाचा पहिला नियम. दुसरा नियमच नव्हता!

बाळू नवीन होता तेव्हाची गोष्ट. गाता गाता याने प्रसादाच्या शिऱ्याचा द्रोण सरळ पेटीवर टेकवला. साजूक तुपातला शिरा! नानांनी चालू अभंगात भाता थांबवला. द्रोण उचलला आणि बाळूच्या डोक्यावर ठेवला.

"इथे ठेव. हेसुद्धा लाकूडच आहे!"

बाळूने एका हाताने द्रोण धरून पुढचं कडवं म्हटलं. काय करतो!

*

अशा माणसाच्या पेटीवर एका गुरुवारी टेप दिसली. जखमेवर लावतात ना, ती पांढरी. सुरांच्या पट्ट्यांमागच्या फळीवर ओळीने तुकडे, त्यावर बॉलपेनने सा, रे, ग. आम्ही सगळे बघतच राहिलो.

"नातीसाठी," नाना म्हणाले. "शिकतेय ती."

बाळू कसला गप्प बसतोय! "नाना, नात नाशकात आणि पेटी उमेळ्यात. हात केवढा लांब हो पोरीचा!"

सगळे हसले. नानाही हसले. भजन सुटल्यावर काकूंनी मला चपलांपाशी गाठलं.

"दिनू, नातबीत काही नाही रे. त्यांना सा सापडत नाही."

मला वाटलं चेष्टा करतायत. पण त्यांचा चेहरा चेष्टेचा नव्हता. डॉक्टरने सांगितलं होतं, विसरण्याचा आजार आहे, वाढत जाणार. काकू म्हणाल्या, "कुणाला बोलू नकोस. चारचौघांत हसं झालं तर ते पेटी सोडतील. आणि पेटी सुटली तर माझा माणूस उरायचा नाही."

मग आमचं दोघांचं ठरलं. आठवडाभर घरी टेप बघून नानांनी हात बसवायचे. गुरुवारी दुपारी टेप काढायची. हात गरम आहेत तोवर देवळात आणून बसवायचं. घरी गेलं की पुन्हा टेप. मंडळाला पत्ता लागू द्यायचा नाही.

*

आता टेप निघते हो, पण मागे डिंक राहतो त्याचं काय! काळा, चिकट, त्यावर धूळ, त्यावर बोटांचे ठसे.

काकूंनी दवाखान्यात पाहिलं होतं. कंपाउंडर हातावरची पट्टी काढतो आणि उरलेला चिकटा स्पिरिटच्या बोळ्याने पुसतो. लख्ख निघतो! त्यांनी त्याच्याकडूनच बाटलीत थोडं स्पिरिट मागून आणलं आणि पेटीवर तसंच पुसलं. चांगलं जोर लावून! त्यांना काय ठाऊक, लाखेचं पॉलिश स्पिरिटमध्येच विरघळवून लावतात. डिंकाबरोबर पॉलिशही आलं. फळीवर कोड उठल्यासारखे पांढरे डाग.

नानांनी ते पाहिलं. "कोणी केलं हे?"

काकू काय बोलणार बिचाऱ्या! म्हणाल्या, "नातीने."

नानांनी डागांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "ती नाशकाहून आली कधी? आणि मला न भेटता गेली?"

पेटीचं राहिलं बाजूला. पोरगी भेटली नाही म्हणून संध्याकाळभर माणूस रुसून ओटीवर बसला. हे सांगताना काकू अजूनही पदर डोळ्याला लावतात.

*

पॉलिशचे डाग मी आमच्या सुताराकडून लपवून घेतले. पण दर आठवड्याचा डिंक काढायचा कशाने? मी मंडळात विचारलं. घरच्या कपाटाचं म्हणून. झालं! प्रत्येक जण एक्स्पर्ट. एक म्हणाला खोडरबर, एक म्हणाला टूथपेस्ट. बाळूने बायकोचा हेअर ड्रायर आणून दिला. त्याने डिंक मऊ झाला, पण लाखही मऊ व्हायला लागली. लगेच बंद केला.

मग रॉकेल. डिंक निघाला, पण वास! त्या गुरुवारी पेटी उघडली आणि देऊळभर स्टोव्ह भडकल्यासारखा दरवळ. पुजारी पेटता कापूर घेऊन यायला निघाला, तो तिथेच थबकला. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. आता विचारणार कोण, आणि मी सांगणार काय!

नानांनी नाक वर करून वास घेतला. "बाळू, दाढीनंतर काय लावतोस रे?"

वाचलो! पुढे दोन महिने बाळूचं नाव रॉकेल पडलं.

*

शेवटी जमलं ते खोबरेल तेलाने. तेल कोमट करायचं, डिंकावर लावून ठेवायचं आणि मग अंगठ्याने हळूहळू गोळ्या करत काढायचं. घाई चालत नाही. दर गुरुवारी दुपारी मी नानांच्या ओटीवर बसून तेच करायचो. नाना समोर बसून बघायचे.

एकदा म्हणाले, "हात चांगला आहे तुमचा. पॉलिशवाले का?"

तुमचा! आयुष्यभर मला अरेतुरे करणारा माणूस. मी म्हटलं, हो.

नाना जवळ सरकले. आवाज खाली आणला. "आमच्या मंडळात दिनू म्हणून एक तबलेवाला आहे. हात जड, लय धावते. बदलायला हवा खरं तर."

"मग सांगत का नाही त्याला?"

"कसं सांगू? मित्र आहे माझा."

मी मान वर केली नाही. अंगठा चालू ठेवला. रडू आलं मला, सरळ सांगतो.

*

आणि मग ती दत्तजयंती. देवळापुढे मांडव, भोंगे पार उमेळ्याच्या नाक्यापर्यंत. वाडीवाले, फ्लॅटवाले, सगळा गाव जमलेला. काकू सकाळपासून माझ्या मागे. "दिनू, आजचा एक दिवस निभावून ने. सगळ्यांसमोर नको रे व्हायला." मी दुपारभर बसलो. डिंकाचा कण ठेवला नाही. वर पॉलिशचा एक हातही मारला. टेप निघाल्यावरही नानांनी घरी एक गजर न चुकता वाजवला होता. मला धीर आला.

नाना पांढराशुभ्र झब्बा घालून पेटीमागे बसले. कोणीतरी माईक ओढून त्यांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी झाकण उघडलं, भाता सोडला आणि थांबले. लाकडावरून हात फिरवला. इकडून तिकडे, तिकडून इकडे. काहीतरी शोधत होते.

बाळू म्हणाला, "नाना, सूर द्या."

"कोणाची पेटी आहे ही?" नानांनी विचारलं. भोंग्यातून गावाने ऐकलं.

"नाना, असं काय करताय! तुमचीच."

"छे!" नाना हसले. "माझ्या पेटीवर टेप असते. सा कुठे, रे कुठे, सगळं लिहिलेलं. त्याशिवाय मला वाजवता येत नाही आता."

किती वाजले ते सांगावं तसं सांगितलं. बायकांच्या बाजूला काकू उठून उभ्या राहिल्या होत्या.

नानांनी झाकण अलगद लावलं, पेटीला नमस्कार केला आणि माझ्या शेजारी येऊन मांडी घातली.

"पेटीवाल्याला बोलवा कुणीतरी," म्हणाले, "लोक खोळंबलेत."