एका दोराची नाव

“आज तोंड कुणीकडं?”

कुरुंदवाडच्या घाटावर आप्पांची सकाळ या प्रश्नाने सुरू व्हायची. नवख्या उतारूला वाटायचं, म्हातारा आपल्याला विचारतोय. तो गोंधळून इकडेतिकडे बघायचा. आप्पा स्वतःलाच विचारायचे, आणि नदीत उभ्या असलेल्या आपल्या नावेकडे बघून उत्तरही स्वतःच द्यायचे. “मावळतीकडं हाय. वारं काय पडायचं न्हाय आज.”

त्यांची नाव काठाला नसायची. जुन्या घाण्याचा एक अवजड दगड नदीच्या तळाशी सोडलेला, त्याला एकच दोर आणि दोराच्या टोकाला नाव. पाण्याला ओढ असली की ती धारेकडे तोंड करून उभी राही. उन्हाळ्यात बंधाऱ्याने पाणी थोपलं की वारं येईल तिकडे तोंड करून हळूहळू फिरे. अशी नाव तुम्ही कधी दुपारच्या गुंगीत बघत बसला असाल, तर मी काय म्हणतो ते कळेल. ती फिरताना दिसत नाही. आपली पापणी लागते, उघडते, आणि तिचं तोंड दुसरीकडेच झालेलं असतं.

मी पैलतीरावरच्या शाळेत मास्तर. पुलावरून गेलं तर लांबचा फेरा, म्हणून वर्षानुवर्षं आप्पांच्या नावेतून गेलो. आधी आप्पा काहिलीत बसून नावेपर्यंत जायचे आणि ती घाटाला आणायचे. काहील म्हणजे गुऱ्हाळात उसाचा रस आटवायची ती भलीमोठी कढई. ती पाण्यात सरळ म्हणून जात नाही, गिरक्या घेते. एकदा मी हौसेने बसलो आणि अर्ध्या वाटेत डोळे मिटून घेतले. आप्पा म्हणाले, “मास्तर, डोळं उघडा की! पोरांस्नी भूगोल शिकवताय न्हवं? पृथ्वी फिरतीया म्हून सांगताय, मग भ्या कशाला?”

पुढे घाटाला नवा धक्का झाला. लोखंडी कड्या बसवल्या. पायरीवरून पाऊल उचललं की थेट नावेत. त्याच सुमाराला आप्पांचे गुडघे बोलू लागले होते. काहिलीत उतरताना ते ओठ दाबून धरायचे, ते मला बघवेना. मीच त्यांच्या मागे लागलो. “आप्पा, नाव धक्क्याला आणा. अजून दहा वर्षं चालवाल.”

“तिला फिराय जागा लागती, मास्तर.”

“तिला? आणि तुमच्या गुडघ्यांचं काय?”

महिनाभर वाद घातल्यावर ते कबूल झाले. नाव चार दोरांनी चार कड्यांना बांधली गेली. मी जिंकल्यासारखा घरी आलो. खरं सांगायचं तर त्या दिवसापासून आप्पांनी सकाळचा तो प्रश्न विचारणं सोडलं. तोंड कुठे असणार? घाटाला समांतर, रोज तिथेच.

मग गारगोटीच्या लेकीने त्यांना चार दिवसांसाठी बोलावलं. जाताना मला बजावून गेले, “दोर ढिलं असूदेत. पाण्याचा नेम न्हाय.”

तिसऱ्या दिवशी मी घाटावर गेलो तर नाव पायरीवर ठक ठक आपटत होती. मला तिची कीव आली. शेतकऱ्याच्या घरचा मी. दावं आवळलं की जनावर गप उभं राहतं, एवढंच मला माहीत. चारी दोर ताणून पक्क्या गाठी मारल्या आणि स्वतःवर खूश होऊन शाळेत गेलो. वर कुठेतरी मोठा पाऊस झाला होता. दुसऱ्या सकाळी बघतो तर पाणी तीन पायऱ्या चढलेलं, कड्या पाण्याखाली, आणि नाव एका अंगावर कलंडलेली. दोरांनी तिला वर येऊच दिलं नव्हतं. एक फळी उभी चिरली होती.

आप्पा आले. मी घाटावर मान खाली घालून उभा. ते पायरीवर बसले, फळीवरून हात फिरवत राहिले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“गाठ झकास मारलीसा,” एवढंच म्हणाले.

फळी बदलली, डांबर लागलं. आता नाव ठेवायची कुठे? गुडघे तर आणखी गेले होते. धक्क्याला ठेवली तर आप्पा तिच्यात चढू शकणार होते. दगडाला ठेवली तर नाही. हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

“दगडाला,” ते म्हणाले.

“आप्पा, मग तुम्ही जाणार कसे?”

“मी काठावर बसतो की. ती फिरूदे.”

परत यायला काहील मागे बांधून तिला न्यायला शेवटी मीच गेलो, या खेपेला डोळे उघडे ठेवून. दोर बांधला तशी ती थोडी थबकली, मग सावकाश वळली. काठावरून हाक आली, “तोंड कुणीकडं?” मला रडू आवरेना.

पावसाळ्यानंतर लेक त्यांना कायमची गारगोटीला घेऊन गेली. मी पुलावरून शाळेला जाऊ लागलो. रविवारी काहिलीतून जाऊन नावेतलं पाणी उपसून यायचो. रोज संध्याकाळी पाच वाजता आप्पांचा फोन येई. चौकशी नाही, काही नाही, तोच प्रश्न. मी घाटावर जाऊन, नीट बघून सांगायचो.

एकदा त्यांचा आवाज फारच खोल गेलेला वाटला. नाव उगवतीकडे बघत होती. गारगोटी मावळतीला. मी म्हणालो, “तुमच्याकडं हाय, आप्पा.”

पलीकडून हसू आलं. “खोटं. उगवतीचं वारं हाय आज. हितं बी लागतंय की मला.”

त्यानंतर फोन आला तो लेकीचा, सकाळचा.

त्या संध्याकाळी पाच वाजता मी घाटावर गेलो. वारं फिरलं होतं. नाव एका दोरावर शांत उभी होती, तोंड मावळतीकडे. फोन हातात धरून मी अंधार पडेपर्यंत पायरीवर बसून राहिलो. आज मला खरं उत्तर द्यायचं होतं.