बडीशेपेखालची नोट

सरोजिनी नगरात आमच्या क्वार्टर्समागच्या ढाब्यावर मी सात वर्षं दर रविवारी जेवलो, आणि दर रविवारी बिल आलं की मला घाम फुटायचा. टीप किती ठेवायची? कमी ठेवली तर चिकटपणा, जास्त ठेवली तर मिजास. तिथला म्हातारा वेटर बिलाशेजारी बडीशेपेची वाटी ठेवायचा, "आराम से, साहब," म्हणायचा आणि पाठ फिरवून भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहायचा. तो गिऱ्हाइकाच्या हाताकडे बघतोय, असं मी कधी पाहिलं नाही. मी वाटीखाली विसाची नोट सरकवून पळ काढायचो.

माझी बदली झाली. शेवटच्या रविवारी, आठवडाभर घोळ घालून, मी पाचशेची नोट ठेवली आणि निघालो. मेट्रोच्या जिन्यापाशी तो धापा टाकत आला आणि पाचशेची नोट माझ्यापुढे धरली.

"साहब, गलती हो गई आपसे. आप तो बीस रखते हैं."

मुद्दाम ठेवलीय, एवढंच सांगायचं होतं. पण तसं म्हटलं, तर आजवरचे सगळे वीस उघडे पडले असते. मी ती घेतली आणि विसाची नोट काढून दिली. मी पाचशेची परत खिशात घालेपर्यंत तो माझ्याकडे पाठ करून उभा राहिला.