शकूआक्काचा बोलता डबा

नंदे, ये, अशी जवळ बस. तो फोन ठेव बघू पालथा. आईचा तेरावा झाला अन् तू जी पुण्याला गेलीस, ती माघारी फिरकलीच नाहीस. या काकूचा फोन उचलत नाहीस, पण रविवारची पुरवणी वाचतेस हे मला ठाऊक आहे, म्हणून इथं लिहिते. वाचणाऱ्यांनो, तुम्हीही बसा. नंदा म्हणजे बेंबळीतल्या माझ्या शेजारणीची, शकूआक्काची, एकुलती एक लेक.

त्या दिवशी मी ओसरीवर पाय लांब करून बसले होते. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. उशाशी आक्काचा डबा पुस्तक वाचून दाखवत होता. तेवढ्यात भिंतीपलीकडून हाक आली, "काकू, आक्का गेल्या हो..." मी काठी शोधत उठले. डबा बंद करायचं सुचलंच नाही. घटकाभरानं आले तर तो आपला रिकाम्या ओसरीला पुढचं पुढचं ऐकवत होता. आधी त्याच्यावर चिडले, मग रडले.

आक्का शिवणकाम करायची. अर्ध्या गावच्या लेकी तिनं शिवलेलं पोलकं घालून बोहल्यावर चढल्या. वाचायचा लई नाद. मशीनच्या फळीवर कायम एखादं पुस्तक. मग नजर गेली. मशीन सुटलं, पुस्तकंही सुटली. तेव्हा नंदे, तूच तिच्या फोनवर दर महिन्याला पैसे भरून पुस्तकं ऐकायची सोय करून दिलीस. आक्का खुलली. आणि एके दिवशी मी तव्यावर भाकरी टाकलेली, तर हिची आरोळी, "अगं ये की! पोरीला कळा सुरू झाल्यात अन् समदं बंद पडलं!" मी पिठाच्या हातानं धावले. "कुठल्या पोरीला?" "पुस्तकातल्या गं!" माझी भाकरी करपली ती करपलीच.

महिन्याचे पैसे भरायचे राहिले होते. तू भरलेस, तोवर कंपनीनं ते पुस्तकच तिथून काढून टाकलेलं. "मग म्या इतके दिस घेतलं काय?" तिनं तुला फोनवर विचारलं. तू म्हणालीस, "घेतलं न्हाय आई, ऐकलंस." आक्का फोन ठेवून मला म्हणाली, "भाड्याची म्हैस हाय ही. दूध प्या, वासरू मालकाचं."

त्यानंतर तिनं पुस्तकं विकतच घेतली. पाडव्याला लोक गुंजभर सोनं घेतात, ही ऐकायचं पुस्तक घ्यायची. तू येऊन ते डब्यात भरून द्यायचीस, ती डब्याला हळदकुंकू लावायची. डबा म्हणजे पुस्तक वाचून दाखवणारं पंजाएवढं यंत्र. खटके दिसत नव्हते, म्हणून चालू करायच्या खटक्यावर तिनं कोटाचं मोठं बटन चिकटवलं, बंद करायच्यावर झबल्याचं बारकं.

आणि तो डबा गावभर फिरायचा... बाळंतिणीकडं, पाय मोडलेल्याकडं. एक जण म्हणाला, "आक्का, माझ्या फोनात उतरवून घेतो की." ही कडाडली, "वाचणाऱ्या बाईनं घसा झिजवलाय, त्येचं मोल हाय! डबा ने, ऐक, आणून दे. अन् रिकाम्या हातानं येऊ नको." शेजारची वाटी आपण रिकामी परत करत नाही ना, तसं. मग डब्यासोबत कुणी लिंबं आणायचं, कुणी शेंगा. आणि पुस्तक कसं वाटलं ते तिच्यासमोर बसून सांगावंच लागायचं. नजर गेलेल्या बाईच्या दारात दुपारी चपला ठेवायला जागा नसायची.

माझ्या ऑपरेशननंतर ती भिंत चाचपत आली, यंदाच्या पाडव्याचं नवं पुस्तक घेऊन. "आक्का, तू ऐकलंस का?" "न्हाय. तुजा पाय ठणकतोय, आधी तू ऐक. फकस्त शेवट सांगू नको." नवंकोरं पुस्तक, स्वतः एक ओळ न ऐकता मला दिलं... भाड्याची म्हैस अशी दुसऱ्याच्या दारी बांधता येते का, सांग.

नंदे, राहिलेलं मी नंतर मागं घेऊन ऐकलं, शेवटचा भाग तेवढा सोडून. रोज कोटाच्या बटनावर बोट जातं आणि माघारी येतं. तिला सोडून ऐकायचा कसा? तिच्या वाटचे कान आता तुझेच. घराचं, मशीनचं काय करायचं ते मागाहून बघू. पुस्तक आपलं आहे, कुणी काढून नेणार नाही. तू येईस्तोवर थांबेल. माझा मात्र भरवसा धरू नको. एसटीनं ये नाहीतर गाडीनं, पण लवकर ये. डबा आक्काच्या मशीनच्या फळीवर ठेवलाय, शेजारी चार लिंबं ठेवलीत.