रेडिएटरात गिअरबॉक्सचं दुखणं शोधणारे दत्तूआप्पा

दत्तूआप्पांची आणि माझी ओळख त्यांची बोलणी खाऊन झाली. बेळगावात मी गिअरबॉक्सचं वर्कशॉप नुकतंच थाटलं होतं आणि एक रेडिएटर घेऊन निपाणीला त्यांच्या रेडिएटर दुरुस्तीच्या दुकानी गेलो होतो. "रेडिएटर तेवढा उचलून आणलास? गाडी कुणाची, पाणी कसलं घालत्यात, काय इचारलंस का न्हाय?" असं त्यांनी माझं स्वागत केलं. आज आप्पांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत आणि तो आवाज जराही उतरलेला नाही.

गाडी सदलग्याच्या एका डॉक्टरबाईंची होती. त्यांचा डावा पाय लहानपणापासून अधू. क्लच नसलेली ऑटोमॅटिक गाडी होती म्हणून त्या एकट्या खेडोपाडी जाऊन बाळंतिणी तपासू शकत. गिअरबॉक्स एकदा दुरुस्त होऊनही गाडी पुन्हा झटके देऊ लागली, तेव्हा ती विकून घरीच बसायचं त्यांनी जवळजवळ ठरवलं होतं. मी गिअरबॉक्स उघडला, तर आत ऑइलऐवजी गुलाबी लस्सी! ऑइलात पाणी मिसळलं होतं, म्हणून रेडिएटर काढून आप्पांकडे नेला होता.

आप्पांनी रेडिएटरच्या टाकीत बसवलेल्या ऑइलच्या नळीत हवा भरली आणि रेडिएटर हौदात बुडवला. भराभर बुडबुडे आले. गिअरबॉक्सचं तापलेलं ऑइल या नळीतून फिरतं, भोवतीचं पाणी त्याची उष्णता घेतं आणि जाळीतून जाणारा वारा ती बाहेर टाकतो. नळी कुजली की पाणी ऑइलात शिरतं आणि गिअरबॉक्सच्या प्लेटांचं अस्तर सुटतं. टाकीतला पांढरा थर आप्पांनी नखानं खरवडून दाखवला. आमच्या भागात कूलंटच्या जागी सर्रास बोअरचं पाणी ओततात, त्याचा हा प्रताप. "गिअरबॉक्स कितींदा बी दुरुस्त कर, रोग हितं बसलाय रं," ते म्हणाले.

नवा रेडिएटर त्यांनी बसवला, गिअरबॉक्स मी. पण तवंदी घाट चढल्याशिवाय गाडी ताब्यात द्यायची नाही, आणि चालवायची मालकानंच, हा आप्पांचा दंडक. बाई कचरल्या. मागून ट्रक येत असताना ऐन चढावर गाडी अडली तर, ही त्यांची भीती खरीच होती. आप्पा शेजारी बसले. "आक्का, दाबा बिनधास्त. मी हाय न्हवं?"

गाडी एकाही झटक्याविना वर गेली. आप्पांनी बॉनेट उघडून बाईंना ऑइलच्या दोन्ही नळ्यांजवळ हात धरायला लावला. रेडिएटरकडे जाणारी नळी कढत होती, परतीची बरीच निवलेली. बाईंचे डोळे भरून आले. "आता नाही विकत गाडी, आप्पा," त्या एवढंच म्हणाल्या.

पुढे माझं दुकान चालेना, तेव्हा याच आप्पांनी आपली गिऱ्हाइकं माझ्याकडे धाडली. त्याबद्दल आभार मानले तर खवळतात, म्हणून ते इथं छापून मानतो.

आप्पांनी ठणठणीत प्रकृतीनं शंभरी ओलांडावी, आणि तीही हौदापाशी, आम्हाला झापत. पंचाहत्तरीच्या समारंभासाठी त्यांना न्यायला गाडी पाठवायचं ठरत होतं, तर डॉक्टरबाईंनी ते काम हट्टानं स्वतःकडे घेतलं. फक्त थोडा उशीर होईल म्हणाल्या. वाटेत एक बाळंतीण तपासायची आहे.