शून्य ते शंभर मोजणारे कुनिएदा

कुनिएदा तोशिहारु यांनी आयुष्यात एकही वेगवान गाडी विकत घेतली नाही. त्यांच्या दारात कायम एक पांढरी, खोक्यासारखी, सामान वाहायची छोटी गाडी उभी असायची. पण बावीस वर्षं त्यांचं काम एकच होतं. तोक्योतल्या एका मोटारींच्या मासिकासाठी नव्या गाड्या किती पळतात ते मोजायचं. उभ्या गाडीला शंभरचा वेग गाठायला किती सेकंद लागतात, चारशे मीटर तोडायला किती. गाडी चालवणाऱ्याचं नाव मासिकात ठळक छापायचे. मोजणाऱ्याचं नाव आकड्यांच्या चौकटीखाली मुंगीएवढ्या अक्षरात असायचं. मी ते कधी वाचलं नव्हतं. आकडे मात्र तोंडपाठ होते.

मी ओगुरा. गुन्मा प्रांतात छपरांवर कौलं चढवायचं काम करायचो, वडिलांचंही तेच. अडतिसाव्या वर्षी मी एक चंदेरी, दोन दारांची गाडी घेतली. कंपनीचं नाव घेत नाही. माझ्या बायकोनं, चिझुरूनं, गाडीकडे बघून एवढंच विचारलं, "हिच्यात शिडी कुठे ठेवणार?"

त्या काळी आमच्याकडच्या सगळ्या कंपन्या कागदावर ताकदीचा एकच आकडा लिहायच्या, दोनशे ऐंशी घोडे. त्याच्या वर जायचं नाही असं त्यांचं आपसात ठरलेलं. त्यामुळे कागदावर कुणाचाच विश्वास नव्हता आणि खरी ताकद किती, यावर वाद घालायला रान मोकळं होतं. आमचे वाद रंगायचे रविवारी सकाळी, आकागी डोंगराच्या पायथ्याशी, एका कॉफीच्या दुकानाच्या अंगणात.

"तीनशे दहा तरी असणारच," मी म्हणालो.

"कुठे? स्वप्नात?" हा नेमोतो. धंद्यानं न्हावी, आणि गाडी माझ्याच तोडीची, पण दुसऱ्या कंपनीची. "ताकद मोजायच्या रोलरवर चढवलीस तेव्हा दोनशे चाळीस दाखवले ना?"

"ते चाकांवरचे. मध्ये गिअर खातो, टायर खातात. इंजिनातून निघतं ते सगळं चाकापर्यंत पोचतं होय रे?"

"बरं बाबा, तीनशे दहा. मग पळवून दाखव की! मासिकवाल्यांनी हीच गाडी चार पूर्णांक आठ सेकंदांत शंभरवर नेली. तुला किती लागले गेल्या रविवारी?"

पाच पूर्णांक सात. घड्याळ त्याच्याच हातात होतं, आणि सगळ्यांना ठाऊक होतं.

"गाडी तीच, रस्ता सपाट. मग उरलं काय? तुझा पाय, ओगुरा! कौलांवर दबकत चालून चालून पाय कच्चा झालाय तुझा."

सगळे हसले. मीही हसलो. पण ते बोलणं मनात कुसळासारखं रुतून बसलं. त्या आठवड्यात मी मासिकाला पत्र लिहिलं. माझी गाडी नवी आहे, कंपनीकडून तपासून घेतली आहे, तरी पाच पूर्णांक सातच्या खाली येत नाही. माझं चुकतंय काय, कृपा करून शिकवा. तीन आठवडे उत्तर आलं नाही. त्या तीन आठवड्यांत मी रोज पहाटे कामाआधी नदीच्या बांधालगतच्या सरळ रस्त्यावर जायचो. इंजिन तापवायचं, क्लच झटक्यात सोडायचा, आणि स्टिअरिंगला बांधलेल्या घड्याळावर सेकंद मोजायचे. जळक्या क्लचचा वास कपड्यांतून जाईना. एकदा पाच-चार आलं. त्यानं तर आणखीच चेव चढला.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी बांधावरून दव ओघळून रस्त्याचा एक पट्टा ओला झाला होता. मागची चाकं तिथे सुटली. गाडी आडवी झाली आणि कालव्यात पाणी सोडायच्या झडपेच्या सिमेंटच्या खांबावर उजव्या बाजूनं आदळली. मी शुद्धीवर होतो. पाय दिसत नव्हता, कारण तिथे गाडीचं दार चेपून आत आलं होतं.

डॉक्टरांनी पाय वाचवला, पण घोटा कायमचा आखडला. कौलांवरचा माणूस घोट्यावर उभा असतो. मला कुणी काही सांगायची गरज नव्हती.

दहाव्या दिवशी एक अनोळखी माणूस खाटेपाशी आला. पन्नाशीचा, किरकोळ अंगाचा, हातात सफरचंदांची टोपली. माझ्या पत्राचं उत्तर द्यायला तो आमच्या घरी गेला होता. शेजारणीनं त्याला इकडे पाठवलं.

"मी कुनिएदा," तो म्हणाला. "तुमच्या गाडीचे आकडे मी मोजले होते. ओगुरासान, तुमचा पाय कच्चा नाही." पत्रात मी नेमोतोचा शब्द जसाच्या तसा लिहिला होता. "आमच्याकडे कंपनीनं जी गाडी पाठवली, ती तुमच्यासारखी नव्हती."

चिझुरू सफरचंद सोलत होती. तिचा हात थांबला.

"म्हणजे?" मी विचारलं.

"तुमचं पत्र आल्यावर मी एका गिऱ्हाइकाची गाडी मागून घेतली. आमचाच चालक, तेच घड्याळ, दोन्ही दिशांनी तीन-तीन वेळा. पाच पूर्णांक चारच्या खाली एकदाही आली नाही. पाच-चार म्हणजे त्या गाडीचा तळ आहे."

"मी पाच-चार केलं होतं," मी म्हणालो.

"मग तुम्ही आमच्या चालकाइतके चांगले आहात."

मला रडू आलं. ते आनंदाचं होतं की कशाचं, मला आजही सांगता येत नाही.

चिझुरूनं चाकू बशीत ठेवला. "तुम्हाला तेव्हा कळलं नव्हतं?"

कुनिएदांनी मान खाली घातली. "शंका आली होती. इतकी वर्षं मोजल्यावर गाडी सुटतानाच कळतं. पण घड्याळानं दाखवलं ते मी लिहिलं. घड्याळ खोटं बोललं नाही. गाडी कुठली होती, ते मी लिहिलं नाही."

"आणि आता सांगून काय होणार? हे पुन्हा छपरावर चढणार आहेत?"

माफी मागायला ते खाटेसमोर कमरेत वाकले आणि तसेच राहिले. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा अवघडून भिंतीकडे वळला. शेवटी मीच म्हणालो, "कुनिएदासान, सरळ व्हा आता. खांबाला मी धडकलो, तुम्ही नाही."

 ते गेल्यावर चिझुरूनं टोपली उचलून परिचारिकांना देऊन टाकली.

पुढचं मला नंतर कळलं. कुनिएदा संपादकांकडे गेले आणि जुना आकडा मागे घ्या म्हणाले. संपादक काही वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "कंपनीनं मुद्दाम तयार केलेली गाडी दिली, याला पुरावा काय? दोन गाड्यांत फरक असतोच. तुमचा नवा आकडा पुढच्या अंकात छापू, 'दुसरी गाडी' म्हणून."

"लोक जुनाच वाचतील," कुनिएदा म्हणाले.

"मग मी काय करू?"

पुरावा कुनिएदांकडे नव्हता. त्यांच्याकडे फक्त दोन आकडे होते. महिन्याअखेर त्यांनी राजीनामा दिला. पुढे गुन्मातल्याच एका दगडखाणीत, ट्रकच्या वजनकाट्यावर त्यांना काम मिळालं. ट्रकवाले म्हणायचे, नवा म्हातारा चार किलोसुद्धा सोडत नाही.

मी कौलांच्या वखारीत बसून चांगली-फुटकी कौलं निवडू लागलो. तडकलेलं कौल बोटानं वाजवलं की कळतं. छपरांवर दुसरे लोक चढायचे.

दोन वर्षांनी कुनिएदा वखारीत आले. गावाबाहेर कारखान्यांसाठी जमीन सपाट केली होती, रस्ते आखले होते, पण मंदीत एकही तुकडा विकला गेला नव्हता. नऊशे मीटरचा सरळ रस्ता गवतात ओस पडला होता. त्यांनी नगरपालिकेत खेटे घालून वर्षातून दोन रविवारांची परवानगी काढली होती. ज्याला आपली गाडी मोजून हवी त्यानं यावं. दोन्ही बाजूंना गवताचे भारे, रुग्णवाहिका हजर, रस्ता ओला असेल तर मोजणी बंद.

"आकडे लिहायला माणूस हवाय," ते म्हणाले. "बसून करायचं काम आहे."

मी लगेच हो म्हटलं नाही. गाड्यांचा आवाज ऐकला की माझा घोटा अजून ठणकायचा. घरी चिझुरूला सांगितलं. तिनं सगळी भांडी घासून पालथी घातली. मग म्हणाली, "जा. पण त्यांना जेवायला इथे आणू नका."

पहिल्या रविवारी चौदा गाड्या आल्या. नेमोतोही आला. माझ्या अपघातानंतर त्यानं कॉफीच्या दुकानात येणं सोडलं होतं, आणि रस्त्यात मी दिसलो की बाजूच्या गल्लीत वळायचा. त्याच्या गाडीचा मासिकातला आकडा पाच होता, आणि तो स्वतः चार-नऊ सांगायचा. कुनिएदांनी त्याला सहा वेळा पळवलं. मी कागदावर लिहिलं : पाच पूर्णांक नऊ.

त्यानं कागद बघितला. मी टोमण्यासाठी तोंड उघडलं होतं. दोन वर्षं जपून ठेवलेला टोमणा होता. पण तो म्हणाला, "ओगुरा, मी ते तुझ्या पायाबद्दल बोललो नसतो तर..."

"बस," मी म्हणालो. "दुसरी खुर्ची आहे. झेंडा धरायला कुणी नाहीये."

तेव्हापासून तो झेंडा धरू लागला.

सतरा वर्षं आम्ही ते केलं. बहुतेक लोक पडलेल्या चेहऱ्यानं परत जायचे. काही चिडायचे, घड्याळ बिघडलंय म्हणायचे. कुनिएदा त्यांना घड्याळ हातात देऊन म्हणायचे, तुम्ही मोजा. वादळी वारा असला की दोन्ही दिशांचे आकडे वेगळे लिहायला लावायचे, आणि खाली : वारा होता.

सत्तराव्या वर्षी त्यांना पोटाचा कर्करोग झाला. मी भेटायला जायचो. एकदा मी विचारलं, जे इतकी वर्षं विचारलं नव्हतं. "त्या वेळी मासिकात पाच-चार छापलं असतं, तर मी त्या रस्त्यावर गेलोच नसतो का?"

"गेला असतात," ते म्हणाले. "पण पाच-चार आल्यावर थांबला असतात."

कंपनीनं खरंच तयार केलेली गाडी पाठवली होती का, हे कुणालाच कधी कळलं नाही. ते इंजिन कुणी उघडून पाहिलं नाही. कुनिएदाही शेवटपर्यंत "मला वाटतं" एवढंच म्हणायचे.

अंत्यविधीला वीसेक माणसं होती. खाणीतले ट्रकवाले आणि बाकी आमचे रविवारचे लोक. मी घरून निघालो तेव्हा चिझुरू काळा किमोनो नेसून दारात उभी होती. मी तिला चल म्हटलं नव्हतं. तिथे उदबत्ती लावून ती कुनिएदांच्या फोटोसमोर वाकली आणि बराच वेळ तशीच वाकलेली राहिली. परतताना गाडीत तिनं विचारलं, "त्यांना जेवायला काय आवडायचं?"

मला माहीत नव्हतं.