भिलाईचा तलाव, दोनदा

माणसाने सासऱ्याला पत्र लिहिताना शाई जपून वापरावी. मी वापरली नाही. ऐन पुरात कृष्णा पोहून गेलो, असं एकदा भिलाईला लिहून बसलो. पूर ओसरून आठवडा झाला होता, एवढं मात्र लिहायचं राहून गेलं. उलट टपाली मामाजींचं उत्तर आलं (बायकोच्या माहेरी सासऱ्यांना मामाजी म्हणतात). भिलाईत लांब पल्ल्याची तीन खेळांची शर्यत होणार होती, तिला ट्रायथलॉन म्हणतात, आणि 'आमचे जवाई' म्हणून त्यांनी माझं नाव देऊनही टाकलं होतं. दीड किलोमीटर पोहायचं, लगेच साठ किलोमीटर सायकल, लगेच पंधरा किलोमीटर धावायचं. सगळं सूर्य मावळायच्या आत. पहिलं वाचून मी हसलो, दुसरं वाचून गप्प झालो आणि तिसरं नलिनीने, म्हणजे बायकोने, मोठ्याने वाचून दाखवलं.

"नाही म्हणून कळवा," ती म्हणाली. "अर्ध्यातून परत येण्यापेक्षा न गेलेलं बरं."

तिचं चुकत नव्हतं. वकिलीची दोन वर्षं, तबल्याची एक परीक्षा, न्हाणीघराचा कमरेपर्यंतचा गिलावा. लग्नाला दहा वर्षं झाली होती आणि जेवणाखेरीज काही पुरं करताना तिने मला पाहिलं नव्हतं. आधी ती टोमणे मारायची. अलीकडे तेही बंद केले होते, आणि ते मला टोमण्यांपेक्षा जास्त लागत होतं. म्हणून मी होकार कळवला. चार महिने सांगलीत शाळेच्या आधी नदीवर गेलो, सायकल हाणली आणि भल्या पहाटे धावलो. "गुरुजी, कुठली गाडी गाठायचीय?" असं अर्ध्या गल्लीने विचारून घेतलं.

फेब्रुवारीत आम्ही दोघं निघालो. नागपूरनंतर गाडीत मराठी विरळ होत गेली आणि डोंगरगडला चहावाल्याने मला सरळ 'भइया' केलं. दुर्गला उतरून टेम्पोने निघालो, तर आधी धुराची नळकांडी दिसली आणि मग गाव. गाव कसलं, फूटपट्टी घेऊन आखलेलं मध्यप्रदेशातलं नगर. सगळे रस्ते काटकोनात, सगळी घरं सारखी. हुडको नावाच्या वसाहतीत सासऱ्यांचं घर मी तीन वेळा चुकलो आणि बायको माहेरची असून एकदा चुकली.

"जय भीम, जवाईबापू," मामाजी दारातच म्हणाले. भंडाऱ्याकडून येऊन त्यांनी कारखान्यात सत्तावीस वर्षं काढली होती. मला खालपासून वरपर्यंत न्याहाळून ते म्हणाले, "वाळून गेले ना तुमी. खाऊन नाही राहिले का?"

पुढचे दोन दिवस सासूबाईंनी ती उणीव भरून काढली. फरा (तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या वळकट्या, हे त्यांनी छत्तीसगढी शेजारणीकडून उचललेलं), वर भाजी-भाकरी, वर 'एवढं तरी घ्या'. जावयाने ताटावर हात आडवा धरणं म्हणजे मानपान मोडणं. शर्यतीच्या सकाळी तलावाच्या काठावरसुद्धा त्या दही-साखर घेऊन आल्या. तेवढ्यात शिट्टी झाली. बाकीचे चाळीसेक जण पाण्यात गेले आणि मी ओठ पुसत उभा.

काठावर एक मिशीवाले स्वयंसेवक होते. कर्ण्यावर गाणं चालू होतं, त्यावरून ओरडून त्यांनी मला सांगितलं, "तरिया के पारे-पार जाहू भइया, लाल झंडा तक. तहाँ ले लहुट जाहू."

मला त्यातलं 'पार' कळलं आणि 'लाल झंडा' कळला. मराठी माणसाला आणखी काय लागतं? पार म्हणजे पार. उन्हाची तिरीप डोळ्यांवर होती. समोर तलावापलीकडे, बरोबर नाकासमोर, लाल झेंडा फडकत होता. मी सूर मारला. पाणी गार आणि छान होतं. मध्यावर गेल्यावर आजूबाजूला कोणीच नाही, हे लक्षात आलं, आणि खरं सांगतो, मला वाटलं मी पुढे आहे.

पलीकडे पोहोचलो, तर झेंडा एका छोट्या देवळाचा. जन्मात देवळाकडे इतक्या तळमळीने मी गेलो नव्हतो. एक म्हातारी दगडावर धुणं आपटत होती. तिने माझ्या लंगोटवजा चड्डीकडे पाहून तोंड फिरवलं.

"काला खोजत हस, बेटा?" कोणाला शोधतोयस, असं तिने विचारलं.

मी धापा टाकत पार, झंडा, शर्यत असं काहीबाही सांगितलं. ती हसली आणि तलावाच्या मातीच्या बांधावर तिने ओला हात थोपटला. "पार तो ये आय."

तरिया म्हणजे तलाव, आणि तलावाची पार म्हणजे त्याची पाळ, त्याचा बांध. पारे-पार जायचं म्हणजे काठाकाठाने, आणि लहुटायचं म्हणजे तिथून परत वळायचं. खरा झेंडा डावीकडच्या कोपऱ्यात होता आणि तिथे चाळीस डोकी वळून परत निघाली होती. मी अंतर डोळ्यांनी मोजलं. जाऊन-येऊन माझं दीड किलोमीटरपेक्षा जास्तच भरत होतं, मग कोण काय म्हणणार? मी तसाच सरळ परत पोहलो, बाहेर आलो, सायकलवर बसलो, आणि कोणाला काही बोललो नाही.

सायकलचा रस्ता भिलाई-तीन नावाच्या वस्तीवरून जामुलकडे जाऊन परत येत होता. जामुलला सिमेंटची धूळ घामावर बसून माझं प्लास्टर व्हायला लागलं. एका टपरीवर केळं मागितलं, तर टपरीवाल्याने विचारलं, "कहाँ जा रहे हो इतनी जल्दी में?" मी म्हणालो, "कहीं नहीं, वापस." त्याला माझी दया आली असावी; त्याने दोन केळी दिली.

परतताना दुपारच्या पाळीची वेळ झाली आणि चहूकडून कामगारांच्या सायकली रस्त्यावर आल्या. हजारो. डबे लटकवलेल्या, शांत, एका वेगाने चाललेल्या. मी त्यात सापडलो तो थेट कारखान्याच्या फाटकापर्यंत. पहारेकऱ्याने हात पुढे करून पास मागितला. माझ्या छातीवर सतरा नंबरचा कागद होता, तो मी दाखवला. "ये किस डिपार्टमेंट का है?" त्याने विचारलं. त्या गर्दीतून उलटं बाहेर पडायला अर्धा तास गेला.

धावण्याबद्दल मी थोडंच लिहितो, कारण धावलो थोडंच. पाचव्या किलोमीटरला पोटऱ्या आखडल्या, दहाव्याला मी रस्त्याकडेच्या दगडावर बसलो. उठायचं नाही, असं ठरवलंही. मग नलिनीचा चेहरा आठवला. रागावलेला नव्हे, 'बरं' म्हणून स्वयंपाकघरात जाणारा. उठलो. चार वाजून गेल्यावर तलावाकाठी परत आलो तेव्हा मांडव सोडत होते. मामाजी, सासूबाई, नलिनी, ते मिशीवाले स्वयंसेवक आणि टेबलाशी बसलेला पंच, एवढेच उरले होते.

पंचाने वही उघडली. "सत्रह नंबर. रबर दिखाइए."

लाल झेंड्यापाशी प्रत्येकाच्या मनगटात रबर घालत होते. माझं मनगट मोकळं होतं. मी खरं काय झालं ते सांगितलं. मामाजी आधी खो खो हसले, मग पंचाकडे वळले. "सायेब, ह्या मानसानं आख्खा तलाव पोहला. दुप्पट पोहला. कावून नाही धरत?"

पंच भला माणूस होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग सासूबाईंच्या हातातल्या डब्याकडे. "अरे, जमाई हैं आपके," तो म्हणाला. "मेहमान हैं. लिख देते हैं, पूर्ण."

त्याने पेन टेकवलं. नलिनी माझ्याकडे पाहत नव्हती. टेबलावरच्या त्या वहीकडे पाहत होती. मला फार लाज वाटली. सकाळी पलीकडच्या काठावर सगळं कळलं होतं, तरी 'कोण काय म्हणणार' म्हणून मी सायकलवर बसलो होतो. आजवर प्रत्येक गोष्ट मी अशीच सोडली होती. कोणीतरी भला माणूस 'जाऊ द्या' म्हणाला आणि मी जाऊ दिलं.

"मत लिखिए," मी म्हणालो. "सूरज बाकी है."

मी पुन्हा पाण्यात उतरलो. पाय कामाचे राहिलेच नव्हते, ते नुसते मागून येत होते. मामाजी टॉवेल आणि माझी विजार काखोटीला मारून बांधावरून चालत होते, माझ्या बरोबरीने. मी थांबलो की तेही थांबायचे. "आरामात, जवाईबापू. मी आहो ना पारीवर," ते म्हणायचे. झेंडा काढून नेला होता, नुसता बांबू उरला होता. त्याला मी दोन्ही हात लावले आणि वळलो. बाहेर आलो तेव्हा ऊन फक्त धुराड्यांच्या टोकांवर होतं. पंचाने वहीत लिहिलं आणि मिशीवाल्या स्वयंसेवकांनी कुठून तरी एक रबर आणून माझ्या मनगटात घातलं. मी रडलो. दमलो होतो म्हणून रडलो, असं सगळ्यांनी समजून घेतलं.

तीन दिवसांनी आम्ही परत निघालो. माझे गुडघे वळत नव्हते, म्हणून मला खिडकीशी आडवं बसवलं होतं. समोरच्या गृहस्थांनी शर्यतीचं ऐकून कितवा आलो ते विचारलं, मी शेवटचा म्हणालो, त्यांनी गाडीबाहेर पाहिलं. गोंदिया गेल्यावर नलिनीने तेलाची बाटली काढली आणि सगळ्या डब्यादेखत माझे पाय मांडीवर घेतले.

"तुमी त्या पंचाले लिहा म्हटलं असतं ना," पोटरी चोळता चोळता ती म्हणाली, "तर मी काहीच बोलली नसती."

"माहीत आहे," मी म्हणालो. "त्याचीच भीती वाटली."