बेवारस पेट्या

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — माहीत नाही.

द्राक्षं पेट्यांत भरून परदेशी पाठवणाऱ्या पिंपळगावच्या एका पॅकहाऊसचं काम मी घासाघीस करून मिळवलं होतं. द्राक्षांच्या लाखो पेट्यांचा जुना डेटा नव्या डेटाबेसमध्ये भरायचा. पुण्याच्या कंपनीचे लोक याच कामाला आठवडा मागत होते. मी म्हणालो, उद्या दुपारी घ्या. मालक हसले. मला कुणी हसलेलं चालत नाही.

वेगाची युक्ती साधी आहे. प्रत्येक पेटी नोंदलेल्याच बागेतली आहे ना, हे डेटाबेस दर नोंदीला तपासत बसतो. ती तपासणी बंद केली की डेटा धो धो आत येतो. त्यात गैर काही नाही — मागाहून ती चालू करायची, एवढंच.

मी चालू केली. ती अडली. काही पेट्यांवर नसलेल्याच बागांचे क्रमांक होते. त्या बाजूला काढून मालकांना दाखवायच्या — पण मालक माझ्या मागेच उभे होते. मी त्या सगळ्या बेवारस पेट्या एकाच बागेच्या नावावर टाकल्या. नंतर दुरुस्त करू! तपासणी मुकाट पुढे गेली. मालकांनी पाठ थोपटली.

पुढे परदेशात एका पेटीत बंदी असलेल्या फवारणीच्या औषधाचा अंश सापडला. डेटाबेसनं बाग दाखवली — माझ्या चुलतभावाची, भास्करदादाची. तो धावत आला.

"संजू, ते औषध मी बागेत आणलंच नाय रे. तू तरी सांग यांना!"

मूळ डेटा माझ्याकडेच होता; त्यात ती पेटी बेवारसच होती. मी काय सांगितलं?

"दादा, कॉम्प्युटर खोटं बोलत नाही."

त्याचा माल घेणं बंद झालं. त्यानं बाग तोडली. आता तिथं टोमॅटो आहे.

घाई होती, असं मी स्वतःला सांगत आलो. पण घाईत कुठलाही क्रमांक चालला असता ना? पडद्यावरचा पहिला का नाही घेतला? दादा एकदा भर मांडवात म्हणाला होता, "बारावी नापास, अन् म्हणे कॉम्प्युटरवाला!" सगळे हसले होते. आजही आठवलं की डोकं तापतं. मी बागांच्या यादीत शोधायला त्याचं नाव टाकलं — आणि त्याच्या बागेचा क्रमांक शोधून काढला.

दादा दर दिवाळीला घरी येतो. चार लोकांत सांगतो, "औषध शेजारून उडून आलं असंल. पण आमच्या संजूनं नातं बघितलं नाय, खरं तेच बोलला."

मी ऐकून घेतो.